डावा बूट

या भागात डोंगर नाही एकही.
ब्लूमिंग्टनला आलो त्या वर्षी
क्षितिज बघून घेरी यायची,
डोळा टेकवायला कुठे उंचवटाच नाही.

आता बारा वर्षांनी
गावापासून तासाभरावरच्या राखीव माळावर
मी तंबूच्या खुंट्या ठोकतोय, आणि त्या वाकतायत.
"तिरक्या ठोक," वृंदा म्हणते
घडीच्या खुर्चीतून, कमरेला पट्टा बांधलेला,
आणि बरोबरच म्हणते.

मुक्ता चौदाची. तिला रेंज हवी.
निषाद सातचा. त्याला बेडूक हवा, एक तरी, आजच.

माळ एप्रिलमध्ये जाळलेला.
मुद्दाम, डॅरिल सांगतो, तिथला राखणदार,
कपड्यांना अजून धुराचा वास.
वारा बघून जाळायचा, नाहीतर झाडं घुसतात.
मी म्हटलं, आमच्याकडे राब भाजतात.
मग ते इंग्रजीत सांगायला गेलो:
शेण, कवळं, पातेरा, माती,
हाताने हवेत एकावर एक थर रचले.
"ओह," तो म्हणाला.
पण जरा वेळाने वाकला,
काळ्या राखेतून एक कोंब बोटाने मोकळा केला
आणि मला दाखवला,
घरातल्या कुणाची ओळख करून द्यावी तसा.

मग मुळांची गोष्ट निघाली.
गवत वर माणसाएवढं, खाली त्याहून खोल.
मी तोंड उघडलं.
"बाबा, प्लीज," मुक्ता म्हणाली,
"आता हे आपल्यावर आणू नकोस."
मी तोंड मिटलं.
आणणारच होतो.

पाणथळीत फळ्यांची वाट संपते तिथे
निषादने एक पाऊल जास्त टाकलं.
चिखलाने घोटा घेतला, मग पोटरी,
मग एक ओला, समाधानी आवाज,
आणि पोरगा वर आला तो डाव्या बुटाशिवाय.
मी पालथा पडून कोपरापर्यंत हात घातला.
आत गार. नासक्या अंड्याचा वास.
बोटांना काहीतरी लागलं, ओढलं,
तर निघाला भलताच बूट,
मोठ्या माणसाचा, नाडीची गाठ शाबूत,
आत पांढऱ्या मुळ्यांचं जाळं.
क्षणभर कुणी बोललं नाही.
मग मुक्ता इतकी हसली
की फळ्यांवर बसलीच, फोन मांडीवरून घसरला तरी हसत होती,
आणि लाल खांद्यांचे काळे पक्षी
पाणकणसांवर झुलत आम्हाला शिव्या देत होते.
"परत ठेव," निषाद म्हणाला.
"का रे?"
"ज्याचा आहे तो शोधायला येईल ना."
ठेवला.

रात्री थालीपीठं, एका बाजूने करपलेली,
दुसऱ्या बाजूने कच्ची.
वृंदा कमरेसाठी गाडीत झोपायला गेली.
अंधार जमला तसे बेडूक सुरू झाले.
डराव नाही. इथले बेडूक वेगळे,
कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तसे.
एक कंगवा. चार.
मग अख्खा माळ केस विंचरायला बसला.
आणि निषाद गाढ झोपलेला, दिवसभर ज्याला तेच हवं होतं,
एक पाय अजून चिखलाने करडा.
उठवावं का?
विचार करत राहिलो, आणि नाहीच उठवलं.
ते अजून टोचतं.

तीनच्या सुमारास गाडीचं दार वाजलं.
वृंदा वाकून आत आली,
बर्फासारखी पावलं माझ्या पोटरीला लावली.
"दुखतंय?"
"दुखतंयच. पण काच लावली की तिकडे ऐकू येत नाही."
तंबू तिघांचा.
मुक्ता झोपेतच सरकली, न बोलता,
घरी कधी सरकत नाही तशी.

परतताना पेट्रोल पंपावर
निषाद एका पायात बूट, एका पायात माझा मोजा घालून
ऐटीत ज्यूस आणायला गेला.

उजवा बूट अजून गॅरेजमध्ये आहे,
टायर आणि फावड्याच्या मधे.
त्याला आता होतही नाही.
टाकू का, मी विचारतो अधूनमधून.
"राहू दे," वृंदा म्हणते,
"जोडी मोडेल."